काच आठ मिमीची की दहाची? आधी फरशीचं बोलू

पत्राचा सारांश: पुण्याच्या उपनगरातल्या एका वीस वर्षं जुन्या इमारतीत राहणाऱ्या वाचक लिहितात: "आमच्याकडे बाथरूमचं नूतनीकरण काढलंय. बाथरूम आठ फूट बाय साडेचार फूट. दारातून आत गेलं की आधी बेसिन, मग डाव्या भिंतीला जमिनीवर बसवलेला कमोड, आणि शेवटी खिडकीखाली आंघोळीची जागा. आंघोळ झाली की सगळी फरशी ओली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई मागच्या पावसाळ्यात कमोडपाशी घसरल्या, थोडक्यात निभावलं. त्या बादलीनेच आंघोळ करतात, स्टुलावर बसून. बाकी आम्ही तिघं शॉवरने. ह्यांना हॉटेलसारखं बिनचौकटीचं काचेचं दार हवंय, १२ मिमीचं, 'जाड काच फुटत नाही' म्हणून. कंत्राटदार म्हणतो आठ मिमीचं सरकतं दार बसवा. मला काच म्हटलं की टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग दिसतात, शिवाय काच आपोआप फुटल्याच्या बातम्या वाचल्यात. तोडफोड पुढच्या महिन्यात सुरू होतेय आणि कंत्राटदार काचेचा निर्णय आत्ताच मागतोय. काय घ्यावं?"

ताई,

कंत्राटदार काचेचा निर्णय आत्ता मागतोय, पण तो आत्ता द्यायची गरज नाही. बाथरूमला टफन काच लावतात, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली, आणि ती एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, घासता येत नाही, भोकही पाडता येत नाही. त्यामुळे तिचं खरं माप टाइल लागून, त्यांच्या फटींत ग्राउट भरून झाल्यावरच घेतात आणि त्यानंतरच काच कारखान्यात जाते. म्हणजे काच हे या कामातलं सगळ्यात शेवटचं पान आहे. ती सहा महिन्यांनी बसवली तरी एकही टाइल उचकटावी लागत नाही. फरशीचं मात्र तसं नाही. ढाळ चुकला, पाणी जाण्याची जाळी चुकीच्या कोपऱ्यात गेली, वॉटरप्रूफिंगला भोक पडलं, तर पुन्हा छिन्नी-हातोडा. तेव्हा तुमची काळजी आणि पैसा, दोन्ही आधी खाली वळवू या.

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे: काच लागली की बाहेरची फरशी कोरडी राहील. काच उडणारं पाणी अडवते. वाहणारं पाणी ढाळाच्या मर्जीनं जातं, काचेच्या नाही. सासूबाई कमोडपाशी घसरल्या. तिथे पाणी शॉवरच्या तुषारांनी आलं की फरशीवरून वाहत आलं, हे आधी बघा. सोपं आहे. उद्या सकाळी कोरड्या फरशीवर आंघोळीच्या जागी एक बादली पाणी हळूहळू ओता आणि ते कुठे जातं ते पाहत उभ्या राहा. ते कमोडच्या दिशेनं सरकलं, तर काच १२ मिमीची असो की २० ची, तिच्या खालून किंवा दारातून ते येणारच.

आता तुमच्या जागेचा हिशेब. टाइल लागल्यावर रुंदी साधारण १३४० मिमी उरेल. आंघोळीच्या जागेला तीन फूट, म्हणजे ९०० मिमी खोली दिली तर ती जागा झाली सुमारे १.२ चौरस मीटर. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. जाळी साफ असेल तर ते निमूट जातं. बादलीचं गणित वेगळं. आंघोळ संपताना उरलेली बादली उपडी केली की १५ लिटर पाणी दोन-तीन सेकंदांत फरशीवर येतं. जाळीनं ते ओढेपर्यंत त्या जागेत सव्वा सेंटिमीटर पाणी उभं राहील, इतकं ते भरतं. म्हणून जिथे बादलीची आंघोळ आहे तिथे शॉवरच्या जागेला मिस्त्री एरवी देतात तो नाममात्र ढाळ पुरत नाही. मिस्त्रीला सुतांत सांगा: काचेच्या रेषेपासून खिडकीखालच्या भिंतीपर्यंत तीन फुटांत पाच सूत उतार हवा. म्हणजे साधारण १५ मिमी, साठास एक. एवढ्या ढाळात भिंतीकडच्या बाजूला आठ-नऊ लिटर पाणी काचेच्या रेषेपर्यंत न येता थांबू शकतं आणि तेवढ्यात जाळी बाकीचं ओढते. बाहेरच्या कोरड्या भागाला शंभरास एक पुरे, पण दिशा आंघोळीच्या जागेकडेच.

इथे एक मेख आहे. तुमच्या इमारतीच्या वयाच्या बहुतेक बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी बाहेर नेणारं भांडं, एकच असतो, आंघोळीच्या कोपऱ्यात. बाहेर पोचा मारला, बेसिनखाली गळलं, कुणी हेल्थ फॉसेटनं कमोडभोवती धुतलं, तर ते पाणी त्याच ट्रॅपकडे जायला हवं. काच पूर्ण रुंदीला जमिनीवर सिलिकॉननं बंद केली की हा रस्ताच बंद होतो आणि कोरडा भाग कायमचा ओला राहतो. तेव्हा बाहेरच्या भागाचा ढाळ नेमका जिथून आत जायचं त्या मोकळ्या जागेकडे काढायला सांगा, बसत्या, म्हणजे न हलणाऱ्या, काचेच्या पायाशी नव्हे. आणि तोडफोड झालीच आहे तर बाहेर दुसरा ट्रॅप जोडता येतो का, ते प्लंबरला विचारा. बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली सोडलेला असेल तर बहुधा येतो.

जाळी ४ इंचीऐवजी ६ इंची घ्या, किंवा खिडकीखालच्या भिंतीलगत लांब चॅनलची जाळी बसवा. चॅनलचा फायदा असा की ढाळ एकाच दिशेनं काढता येतो. कोपऱ्यातल्या चौकोनी जाळीकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा तर मोठ्या टाइलला तिरके काप द्यावे लागतात. आंघोळीच्या जागेत फूट बाय फूट किंवा त्याहून लहान मॅट टाइल घ्या. दोन बाय चार फुटांच्या चकचकीत टाइलचा हट्ट कुणी धरला तर तो भिंतीवर पुरवा.

उंबऱ्याचा प्रश्नही इथेच येतो. जुन्या घरांत मोरीला कठडा असायचा आणि पाणी आत राहायचं. कंत्राटदारही ग्रॅनाइटची दोन इंची पट्टी सुचवेल. पाणी अडवायला ती उत्तम आहे. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ओल्या पायांनी, चष्मा काढलेला असताना दोन इंचांचा अडथळा म्हणजे पुढच्या पडण्याची सोय. तुमच्या घरी उंबरा नको. ढाळ नीट काढा, तोच उंबऱ्याचं काम करतो. ज्या घरात सगळे तरुण आहेत आणि स्लॅब उथळ असल्यानं पुरेसा ढाळ मिळत नाही, तिथे पट्टी जरूर घाला. तिचा वरचा पृष्ठभाग आतल्या बाजूला किंचित कललेला ठेवा, म्हणजे तिच्यावर पडलेलं पाणी बाहेर उतरत नाही.

वॉटरप्रूफिंगबद्दल थोडक्यात. लेप वाळल्यावर ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवा, भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची खूण करा आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत स्वतः पाहा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार संडास-बाथरूममधून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती सभासदाच्याच खर्चानं होते. म्हणजे उद्या खालच्यांच्या छताला ओल आली तर बिल तुमच्याकडेच येणार आहे. ही चाचणी सोडायला कुणी "वेळ नाही" म्हणालं तर काम थांबवा. टाइल लावण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटोही काढून ठेवा, शेजारी मेजरिंग टेप धरून. काच बसवणारा ड्रिल घेऊन येईल तेव्हा ते फोटो लागतील.

आता काच.

तुमच्या ह्यांना हवं असलेलं बिनचौकटीचं उघडणारं दार तुमच्या बाथरूममध्ये का अडचणीचं आहे, हे त्यांना तोंडी सांगू नका, दाखवा. दार बाहेरच उघडायला हवं. आत कुणाला चक्कर आली आणि ती व्यक्ती दाराला टेकून पडली तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. बाहेर उघडणारं ६५० मिमीचं दार उजव्या भिंतीला बिजागऱ्यांवर धरलं, तर त्याचा कंस कमोडच्या टोकाजवळून जातो. जमिनीवरचा कमोड भिंतीपासून २६ इंच, म्हणजे ६६० मिमी पुढे येत असेल, तर १३४० पैकी उरतात ६८०. दार कमोडला लागणार नाही, पण त्या दोघांच्या मधे उरतात जेमतेम तीन सेंटिमीटर. दार उघडायचं तर माणसानं कमोडच्या अलीकडे मागे सरकायचं आणि मग दाराला वळसा घालून आत जायचं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा ६५० मिमी रुंद कापा, उजव्या भिंतीशी धरून फिरवा आणि सासूबाईंना त्यातून जायला सांगा. वाद तिथेच मिटेल. वॉल-हंग, म्हणजे भिंतीला टांगलेला, कमोड घेतला तर पाच-सहा इंच सुटतात. तेव्हाही हाच पुठ्ठ्याचा प्रयोग करा.

जाडीबद्दल. जाड काच कमी वाकते, कमी थरथरते. पण "फुटत नाही" हे खरं नाही. टफन काच समोरून बुक्की मारली तर सहसा सहन करते, पण कडेला, कोपऱ्याला, भोकाच्या तोंडाशी ती हळवी असते. कडेचा एक टवका, बिजागरीत रबराचा तुकडा न घालता घट्ट आवळलेला स्क्रू, किंवा थेट टाइलवर टेकवलेली खालची कडा एवढ्यानं १२ मिमीही एका क्षणात खड्यांचा ढीग होते. शिवाय वजन वाढतं. काचेचं वजन दर चौरस मीटरला दर मिमीमागे अडीच किलो. ७५० बाय १९८० मिमीची पाटी आठ मिमीत सुमारे ३० किलो, दहात ३७, बारात ४५. बसत्या पाटीचं वजन जमीन पेलते, तिथे ते चालून जातं. उघडत्या दारात तेच वजन रोज भिंतीतल्या प्लगना खेचत असतं. तुमची मधली भिंत चार इंची विटेची असेल तर ४५ किलोंचं दार तिच्यावर लटकवू नका.

सर्वसाधारण नियम असा धरा: तीन बाजूंनी आधार असलेल्या बसत्या किंवा सरकत्या काचेला आठ मिमी, बिजागरीवर लटकणाऱ्या बिनचौकटीच्या दाराला दहा. १२ मिमी लागते ती मोठ्या, उंच, मोकळ्या पाट्यांना. साडेचार फुटांच्या बाथरूममध्ये ती मिरवण्यापुरतीच आहे.

आपोआप फुटण्याची तुमची भीती अनाठायी नाही. काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकला असेल तर तो पुढे कधीतरी, महिन्यांनी किंवा वर्षांनी, फुगतो आणि काच कुणी हात न लावता फुटते. हे विरळा घडतं, आणि बरेचदा "आपोआप" म्हटलेली फूट ही बसवताना दुखावलेल्या कडेची असते. दोन्हींवर उपाय आहेत. ऑर्डर देताना काच "हीट सोक" केलेली मागा. या प्रक्रियेत काच पुन्हा भट्टीत तापवून धरतात, म्हणजे असे कण असलेल्या बहुतेक काचा कारखान्यातच फुटून जातात. थोडे पैसे जास्त पडतात, पण घरात लहान मूल आणि वृद्ध माणूस असेल तर ते द्यावेत. आणि काच घरी आली की बसवण्याआधी चारी कडांवरून डोळे फिरवा, बोट नको. नखाएवढा टवका दिसला तरी काच परत. काच खरंच टफन आहे का, हे कोपऱ्यातल्या कायमच्या छाप्यावरून कळतं. आयएस २५५३ आणि आयएसआयची खूण काचेतच उमटवलेली असते, स्टिकरवर नव्हे. पोलराइज्ड गॉगल लावून काच तिरप्या उजेडात पाहिली तर टफन काचेत फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत नाही. ही झाली फुकटातली उलटतपासणी.

कंत्राटदाराचं सरकतं दार वाईट नाही. अनेक छोट्या बाथरूममध्ये तेच योग्य ठरतं. पण तुमच्याकडे त्याचा हिशेब मांडा. १३४० मिमीत दोन पाट्या ६९०-६९० च्या, मधे ४० मिमी एकमेकींवर. दार पूर्ण सरकवून, मुठीची जागा सोडून, मोकळी वाट मिळते साधारण ६०० मिमी. दार नसलेली नुसती एक बसती काच लावली तरी तेवढीच वाट मिळते. मग रूळ, रोलर, खालचा गाइड हे सगळं कशासाठी? टँकरच्या जड पाण्यात रोलरवर क्षार बसतात, दार अडखळतं, आणि दोन काचा जिथे एकमेकींवर येतात त्या फटीत हात जात नाही, तिथला पांढरा पट्टा कायमचा. वर्षभरानं ते दार बहुतेक घरांत एका बाजूला सरकवून तसंच ठेवलेलं असतं.

म्हणून माझं मत: डाव्या भिंतीला धरून, कमोडच्या बाजूला, ७५० मिमी रुंदीची आठ मिमीची एकच बसती पाटी घ्या आणि उजवीकडे ५९० मिमी, म्हणजे २३ इंच वाट मोकळी सोडा. उंची साडेसहा फूट. छतापर्यंत नेऊ नका, वाफ वरून निघायला हवी. शिवाय तेवढी उंच पाटी लिफ्टमध्ये मावणार नाही. काचेच्या वरच्या मोकळ्या कोपऱ्यातून समोरच्या किंवा मागच्या भिंतीला आधाराचा एक दांडा घाला, नाहीतर पाटी हाताच्या धक्क्यानं डुलते. कमोडचा मध्य काचेपासून निदान १५ इंच लांब राहील हे बघा, नाहीतर बसलेल्या माणसाचं कोपर काचेला लागेल.

"दार नाही तर पाणी बाहेर येणार," असं ह्यांचं म्हणणं असेल. थोडं येईल. किती, ते शॉवर कुठे लावता यावर आहे. शॉवर आणि बादलीचा नळ दोन्ही डाव्या भिंतीवर, पाटीच्या आडोशाला ठेवा. शॉवरचं तोंड मोकळ्या वाटेकडे न वळता खाली आणि किंचित खिडकीकडे असू दे. भिंतीतून तिरकं फेकणाऱ्या शॉवरपेक्षा डोक्यावरून सरळ पडणारा कमी उडवतो. मिक्सरची मूठ मात्र वाटेतून हात घालून पोचेल इतकी पुढे घ्या, म्हणजे गार पाण्याचा पहिला झोत अंगावर न घेता नळ सोडता येतो. प्लंबर हे आपणहून विचारत नाही, पाइप भिंतीत जाण्याआधी त्याला सांगावं लागतं.

एवढं करूनही वाटेतून तुषार जास्त येतायत असं वाटलं तर दोन मार्ग शिल्लक आहेत. एक म्हणजे त्या वाटेवर रॉड लावून साधा पडदा. दोन-अडीचशे लिटर पाण्याची आंघोळ करणारं कुणी घरात नसेल तर तो पुरतो, महिन्यातून एकदा वॉशिंग मशीनमध्ये धुता येतो, आणि सासूबाईंच्या आंघोळीच्या वेळी बाजूला सारता येतो. दुसरं, बसत्या पाटीला नंतर ३०० मिमीची हलती पट्टी बिजागरीनं जोडणं. पण तिच्यासाठी बसत्या पाटीला खाचे लागतात आणि ते भट्टीआधीच पाडावे लागतात. म्हणून शंका असेल तर क्रम उलटा ठेवा: आधी दोन महिने फक्त पडदा लावून राहा, पाणी कुठवर येतं ते पाहा, आणि मगच काच मागवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर पडद्यापुढे जाऊच नये.

सासूबाईंसाठी काही गोष्टी ढाळ काढतानाच ठरवाव्या लागतात. स्टूल काचेकडे पाठ करून बसेल की खिडकीकडे, हे त्यांनाच विचारा आणि बादलीचा नळ त्यांच्या हाताशी येईल असा घ्या. धरायला दांडे दोन: एक वाटेशी उजव्या भिंतीवर उभा, एक स्टुलाशेजारी आडवा, फरशीपासून ३० ते ३३ इंचांवर. ते भिंतीत बसवायचे, स्क्रू विटेत गेला पाहिजे, नुसत्या टाइलच्या मागच्या सिमेंटात नाही. काचेवरच्या टॉवेलच्या रॉडला कुणी आधार म्हणून धरू नये. तो टॉवेलचंच वजन पेलायला असतो, आणि घसरणारा माणूस हाताला येईल ते धरतो. म्हणून काचेवर रॉड लावूच नका. पुढेमागे त्यांना आंघोळीला मदत लागली तर मदत करणारीला वाटेत उभं राहता येतं. दार असतं तर ते आड आलं असतं.

डागांचं. पाणी जड असेल तर डाग येणारच, कोणत्याही लेपानं ते कायमचे थांबत नाहीत. "नॅनो कोटिंग" काही काळ पाणी घरंगळवतं, मग झिजतं आणि पुन्हा करावं लागतं. खरा उपाय म्हणजे आठ इंची रबरी वायपर काचेशेजारी टांगणं आणि शेवटच्या आंघोळीनंतर वरून खाली चार ओढी मारणं. तेवढं घरात कुणीच करणार नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर नितळ काचेचा आग्रह सोडा. फ्रॉस्टेड काचेवर डाग कमी उठून दिसतात. तिची खडबडीत बाजू बाहेर, कोरडीकडे ठेवायची. उभ्या पन्हाळीच्या काचेचंही तेच: पन्हाळी बाहेर, सपाट बाजू पाण्याकडे. बसलेले क्षार काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, दहा मिनिटं ठेवून पुसून धुवायचं. संगमरवरावर मात्र ते सांडू देऊ नका. बाथरूम धुण्याचं ॲसिड काचेजवळ नकोच. काचेला ते फारसं काही करत नाही, पण स्टीलच्या क्लॅम्पवर तांबूस ठिपके पाडतं आणि टाइलमधलं ग्राउट खातं. आठवड्याला धुवायला येणाऱ्या मावशींना हे स्वतः सांगा आणि बाटली घरातून काढून टाका.

स्टीलचं बोलतोच आहोत तर: काच पकडणारे क्लॅम्प आणि तिची कडा ज्यात बसते ते यू-चॅनल ३०४ ग्रेडचे मागा. बाजारात २०२ ग्रेडही तसाच चकचकीत मिळतो आणि लवकर गंजतो. चुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही. तपासणीच्या द्रावणाचे थेंब मिळतात, दुकानदाराला त्याच्याकडच्या थेंबांनी तुमच्यासमोर तपासायला सांगा. का-कू केली तर समजून जा. मुंबईत समुद्राकाठी, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी ३१६ ग्रेड किंवा भरीव पितळी हार्डवेअर पाहावं. जस्ताच्या मिश्रधातूच्या बिजागऱ्या हातात घेतल्या की हलक्या लागतात, त्या कुठेच नकोत.

बसवणीत बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, माप. भिंत ओळंब्यात नसते. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायला लावा आणि भिंतीला ओळंबा धरायला सांगा. पाच-सहा मिमीचा बाक यू-चॅनल झाकतो, त्याहून जास्त असेल तर काच तशी तिरकी कापून घ्यावी लागते. चॅनलऐवजी नुसते क्लॅम्प लावणार असाल तर हा बाक उघडा पडतो, म्हणून जुन्या इमारतीत भिंतीकडेला चॅनलच बरा. दुसरं, जमिनीत ड्रिल. खालचा चॅनल फरशीला स्क्रूनं ठोकला की तो स्क्रू तुमच्या ४८ तास तपासलेल्या वॉटरप्रूफिंगमधून आरपार जातो. खालचा चॅनल सिलिकॉनवरच बसवायचा. पकड भिंतीतल्या स्क्रूंची आणि वरच्या दांड्याची असते. हे कोटेशनवर लिहून घ्या. भिंतीत भोक पाडताना डायमंड बिट, हॅमर बंद, आणि टाइलवर मास्किंग टेप. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, भिंतीत साधा प्लास्टिकचा प्लग सुटतो. तिथे ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर लागतात.

तिसरं, सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन धातू आणि दगडाला बाधतं. न्यूट्रल, बुरशीरोधक, सॅनिटरी सिलिकॉन मागा. ते भरण्याआधी फट पूर्ण कोरडी हवी, नाहीतर दोन महिन्यांत सालासारखं सुटून येतं. भरल्यावर २४ तास आंघोळ बंद. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. काही वर्षांनी ते काळं पडेल. तेव्हा वरून नवा थर चढवू नका, जुनं पातीनं काढून, कोरडं करून मगच नवं भरा.

कोटेशन मागताना काच, कडांची पॉलिश, भोकं-खाचे, हार्डवेअर, वाहतूक आणि बसवणी हे वेगवेगळं लिहून मागा. नुसता "चौरस फुटाला इतके" असा दर दिला तर हार्डवेअर कोणतं येणार हे तुम्हाला बसवायच्या दिवशीच कळतं. काचेची ऑर्डर आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता, दोन्ही ग्राउट वाळून फरशीवर बादलीची चाचणी पुन्हा एकदा होईपर्यंत रोखून ठेवा. माप घ्यायला माणूस येईल तेव्हा सासूबाईंचं स्टूल आणि बादली आत ठेवलेली असू दे, म्हणजे २३ इंचांची वाट पुरते की एखादा इंच वाढवायचा हे तिथल्या तिथे ठरेल. ऑर्डर गेल्यावर तो इंच मिळत नाही.